दोन टक्के नायटल

जालन्यात, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
रोलिंग मिलच्या धुराकडे पाठ करून
आमची लॅब. दोन खोल्या, एक फ्यूम हूड,
त्याचा पंखा मार्चपासून बंद.

लाखेचं सील लावलेला लखोटा आला.
आत यारीची पिन, तुटलेली.
भोकरदनकडची विहीर, बारा परस,
दगडाची बकेट सुटली म्हणे.
खाली कोण होतं ते कागदावर आहे.
वर ब्रेकवर कोण, तेही:
अंकुश सोनटक्के, वय बावीस,
जादा भार भरल्याचा संशय.
आम्ही नावं वाचायची नसतात.
मी वाचली.

कापली. बॅकेलाइटच्या काळ्या टिकलीत बसवली.
एमरी पेपर दोनशेवीस, चारशे, सहाशे, आठशे,
दर कागदाला काटकोनात वळवून,
आधीचे ओरखडे आडवे मोडेपर्यंत.
मग डायमंड पेस्ट, मखमल,
मग आरसा.
आरशात मी दिसते, ट्यूबलाइट दिसते,
नळाखालची रिकामी बादली दिसते.
पिन दिसत नाही.

मुनीरभाईंची बोटं नायट्रिकनं पिवळी होती.
"शादी होके तीस साल, हल्दी उतरीच नै," म्हणायचे.
"घड्याळ नक्को बघू, पोरी. धातूकडे बघ.
आरशावर कुणी श्वास टाकल्यावाणी
धुकं आलं, की थांब."
एक श्वास जास्त, आणि सगळं काळं,
पुन्हा सहाशेपासून.

कापसाचा बोळा फिरवला.
चमक गेली.
लगेच पाणी. नळाचं नाही;
नळ दहा दिवसांनी येतो,
टँकरचं पाणी वाळलं की क्षाराचे डाग राहतात,
एकदा तसल्या डागाला दोष समजून
मी अख्खी लॉट नापास केली होती.
तेव्हापासून बॅटरीवाल्याकडचा कॅन,
वर अल्कोहोल,
आणि माझ्या रुखवतातला हेअर ड्रायर.

शंभर पट:
काळी रानं आणि त्यांच्यामधले पांढरे बांध.
पाचशे पट:
रानातली तासं, एकेक मोजावं इतकी.
आणि त्यातून वाकडीतिकडी गेलेली भेग,
दोन्ही काठांना पांढरी किनार.

तिथे मी डोळा काढला. चष्मा पुसला.
पुन्हा लावला.

कार्बन जळून गेला की अशी किनार येते.
ती भट्टीत येते.
विहिरीत भट्टी नसते.

म्हणजे भेग आधीची.
पिन घडवली तेव्हाची,
कुणी तिच्यात दोर ओवायच्या आधीची,
कदाचित अंकुश अजून बारावीत असेल.

रिपोर्टच्या नमुन्यात अशा वाक्याला जागा नाही.
लिहिलं: भेगेच्या काठाशी विकार्बनीकरण,
भेग उष्णता प्रक्रियेपूर्वीची.
फोटो तीन जोडले. सही.
इंग्रजीत एक प्रत, मराठीत एक, कुणी मागितली नव्हती तरी.

नमुना सिलिका जेलच्या डबीत ठेवला,
तेव्हा दिसलं, हातमोजा फाटलेला,
तर्जनीचं टोक पिवळं.

बाहेर कुणीतरी ओरडलं, नळ आला.
मी बादली लावली, मग ड्रम,
मग दोन्ही घागरी.