लाभार्थी कोण

वागळे इस्टेटची कंपनी बंद झाली तेव्हा
हातात आलेल्या पैशांच्या मी चार खोल्या केल्या,
खारेगावात, खाडीकडच्या बाजूला.
चार खोल्या, चार भाडेकरू, चार कटकटी:
एकाचा पगार उशिरा, एकाची बायको माहेरी,
एक रात्री दोनला मिक्सर लावायचा.
तरी दहा तारखेपर्यंत
कुठून ना कुठून काहीतरी यायचंच.

मग धोकादायक इमारतींची यादी लागली.
पालिकेचा माणूस जिना चढून आला,
म्हणाला, ताई, भाडं थेट खात्यात.
सरकार काय पळून जातंय?
मिक्सरवाल्याला मीच टेम्पो बघून दिला.
चारही दारांवर एकाच शिक्क्याचे कागद लागले.

चौदा महिने
पासबुक छापणाऱ्या मशीनची खरखरसुद्धा
कानाला बरी वाटायची.
त्या भरात पाचवी खोली बुक केली, कर्जावर.
आई असती तर तिनं
भरवशाच्या म्हशीचं नाव काढलं असतं.

पंधराव्या महिन्यात आचारसंहिता.
सोळाव्यात साहेब बदलले.
सतराव्यात कळलं, फाइल लेखा विभागात आहे.
अठराव्यात कळलं, लेखा विभागात फाइलच नाही.
सरकार खरंच कुठे पळालं नव्हतं.
तिथंच होतं, पाचपाखाडीला, तिसऱ्या मजल्यावर,
जेवायला गेलेलं.

पहिल्या खोलीतली फुलवंती निमसे
पाडलेल्या घराची चावी अजून देव्हाऱ्यात ठेवते.
तिला म्हटलं, भाडं.
ती म्हणाली, कागदावर माझं नाव आहे ना,
मग पैसे तुमच्याकडेच आले असणार.
तिला वाटायचं मी लपवतेय.
मला वाटायचं, तिला सगळं माहीत आहे.
पाण्याची मोटर दोघींच्या देखत जळाली.
हंडे मात्र दोघींनीही वाहिले,
एकमेकींशी न बोलता.

काल एकाच रिक्षानं पाचपाखाडीला गेलो.
उतरताना तिनं पदराची गाठ सोडली,
रिक्षाचं भाडं दिलं.
चार महिन्यांत
तिच्याकडून मी पाहिलेलं
तेवढंच भाडं.

खिडकीतल्या मुलानं
मान वर न करता विचारलं,
तुमच्यापैकी लाभार्थी कोण?

मी फुलवंतीकडे बोट केलं.
तिनं माझ्याकडे.
मागून एक बाई करवादली,
अहो, एकीनं तरी हो म्हणा,
आमचा नंबर जातोय.