पाण्याचा वार

टेबलावर शाळा सुधार आराखडा,
सोळा पानं, तीन प्रतींत, शनिवारच्या आत.
चौथीत भागाकार येणारी मुलं: चौपन्न टक्के.
दिवाळीपर्यंतचं उद्दिष्ट: रिकामं.
बिराजदार साहेब म्हणाले, बाई, आकडा असा घाला
की वरच्यांना आवडेल आणि तुम्हाला झेपेल.
मी बहात्तर घातला.
का बहात्तर, ते कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

रकाना पाच: अडथळे. एका ओळीत लिहा.

एका ओळीत?
माझ्या वर्गात अडतीस पोरं.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, फळ्यावर मराठी,
आणि भांडताना तिन्ही एकदम, शेवटी ‘बे’ लावून.
बापांच्या कानात यंत्रमाग बसलेत,
घरोघर सगळे ओरडूनच बोलतात,
म्हणून माझी पोरं प्रकट वाचन खणखणीत करतात.
हे कुठल्या रकान्यात घालू?

रात्री हजेरीपट उघडला.
लावण्या गुंडेटी: सोमवार नाही, शुक्रवार नाही,
पुढचा मंगळवार नाही, मग शनिवार.
तिच्या खाली अंबादास, त्याच्या खाली मेहरुन्निसा,
बारा नावांपुढे लाल फुल्या
चादरीवरच्या नक्षीसारख्या एका चालीने सरकत गेलेल्या.
मला आधी वाटलं, कट आहे पोरांचा.
मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं.
त्याच तारखांना, माझ्याच पेन्सिलीने,
माझ्याच अक्षरात: पाणी.

बुधवारी मधल्या सुट्टीत विडी घरकुलात गेले.
आई सुपावरून मान वर काढेना,
संध्याकाळपर्यंत हजार भरायच्या होत्या.
लावण्या नळाशी उकिडवी,
पाईपचं तोंड अंगठ्याने दाबून
सगळ्या बोळाला सांगत होती, नीळ्ळु वच्चिनय!
अकरा घागरी, दोन पिंपं.
यातून चार दिवस, माणसं सहा,
धुणं एकदाच, आजोबांची आंघोळ एकाआड एक.
बोटं न मोडता हिशेब सांगितला तिने.
चाचणीत तिच्यापुढे मी लिहिलं होतं: अप्रगत.
चाचणी पाण्याच्या दिवशी होती.

रकाना पाचमध्ये तेवढंच लिहिलं.
बैठकीत साहेबांनी चष्मा काढला:
बाई, पाणी आपल्या खात्यात येत नाही.
म्हटलं, आमच्या गल्लीतही येत नाही साहेब,
चौथ्या दिवशी येतं.
कुणी हसलं नाही. लिपिक येमूल खोकले.
वरच्या प्रतीत ती ओळ खोडून
‘पालकांची उदासीनता’ असं टंकलं गेलं, हे नंतर कळलं.

आता मी दर पंधरवड्याला टाकीपाशी जाते,
वॉल्व्ह फिरवणाऱ्या शफीकभाईंना वार विचारते.
त्यांचाही अंदाजच, मोटार जळली की सगळंच पुढे ढकललं जातं.
तरी वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने,
माझा आराखडा तिथे आहे.

परवाची चाचणी कोरड्या दिवशी घेतली.
सदतीस जण आले. बहात्तर झाले की नाही,
अजून बेरीज केलेली नाही.
लावण्याची उत्तरपत्रिका मात्र पाहिली:
सत्तेचाळीस भागिले चार, भागाकार अकरा,
पुढे काहीच नाही.
बाकी कुठंय गं? विचारलं.
म्हणाली, ती कढीपत्त्याला घातली, बाई.