शब्द टाकणे

चाळीस मीटर उंचीवर क्रेनची केबिन,
पायाखालीही काच,
काचेखाली मोंबासाचं बंदर.
पहिल्या दिवशी मी समोरच बघत राहिले.
म्वारिंगा म्हणाले, खाली बघ काडझो,
काम तिथं आहे.

चार वर्षं त्यांच्या खुर्चीमागे उभी होते.
डबा झोके घ्यायला लागला
की घाबरून मागे ओढायचा नाही,
त्याच्याबरोबर थोडं पुढे जायचं,
मग तो आपणच निवतो.
आणि कडू कॉफीचा घोट घेत, दिवसातून वीसदा:
टाकायचं नाही, पोरी. ठेवायचं.

ओडुयाबाईंनी मला काहीच शिकवलं नाही.
तीनदा भेटलो असू,
त्यातलं एकदा लिफ्टमध्ये.
पण तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड
रात्रपाळीच्या मुकादमाची यादी वाचून झाली,
सात पुरुष, सात नावं,
तेव्हा त्या म्हणाल्या, आणि ती काडोझा?
नावसुद्धा चुकलं.
कुणीतरी हसलं.
ती चुकली तर माझ्या नावावर लिहा, म्हणाल्या.

हे मला कारकुनाने सांगितलं.
त्याच्या इतिवृत्तात यातलं काही नाही.
त्या घटकेला मी वर होते,
चहापत्तीचा डबा ट्रकवर उतरवत.
मला उचकीसुद्धा लागली नाही.

दोन वर्षांनी बाईंची लामूला बदली झाली.
का, ते कुणी बोललं नाही.

बढतीचं कळलं तेव्हा म्वारिंगांनी
फडक्याला हात पुसले, पुसतच राहिले.
तिसरा मजला त्यांनी खालूनच पाहिलेला,
तीस वर्षं.
मग विचारलं,
म्हणजे वर खुर्चीत आता कोण?

आज त्या टेबलाशी मी आहे.
यादीत म्बेयूचं नाव नाही.
तासाला सत्तावीस डबे उतरवते पोरगी,
पण गेल्या महिन्यात एक चेपला,
तेवढंच सगळ्यांच्या लक्षात.
माझ्या घशाला कोरड.
बाईंना पडली होती का?
विचारायचं राहूनच गेलं.

खिडकीबाहेर एक डबा झोके घेतोय.
कुणाचा हात आहे, इथून दिसत नाही.
तो निवेपर्यंत थांबते.

शब्द टाकला, असं म्हणतात लोक.
मी ठेवते.
सावकाश, त्या गुळगुळीत टेबलावर,
आणि चारही कोपरे टेकेपर्यंत
हात सोडत नाही.