लाभ

लाईन सहाला जाते, साडेसातला येते.
तेवढा वेळ चक्की मुकी,
आणि मी टिनाच्या शेडात, घडी केलेल्या पोत्यावर.

डोमाजी खोब्रागडे, पोस्टातून रिटायर झालेले,
गहू घेऊन आले तेव्हा म्हणाले होते,
"बाई, तुहं डोस्कं लाईन गेल्यावरही फिरते.
रोज दहा मिनिटं बस. काही करू नको.
श्वास येते, जाते, तेवढं पाह्य.
दहापर्यंत मोज. चुकली तर पुन्हा एकापासून."
"अन् चुकलीच नाही तर?"
ते हसले, डबा उचलला,
दळणाचे पैसे द्यायचे विसरून गेले.

पहिल्या दिवशी दुसऱ्या श्वासाला तेच पैसे आठवले.
तिसऱ्याला सुलभाचं बेसन,
ज्यात माझ्या चुकीनं जवारी गेली.
चौथ्याला पट्टा. डाव्या बाजूनं घासतोय,
आर्वीहून नवा आणावा लागेल.
पाचवा आला नाही.
म्हणजे आला असेल, मीच घरी नव्हते.

नाकात पीठ, बावीस वर्षांचं.
श्वास पाहायला गेले
तर आधी शिंक भेटली.

मग ऐकू आलं.
चक्की बंद, तरी घरघर चालू,
कानाच्या आत कुठंतरी, दाणा नसताना.
रिकामी चक्की फिरवली
तर दगडावर दगड घासतो, टाकी झिजते, जळका वास येतो:
हे मला कुणी शिकवायला नको.
गिऱ्हाइकाला मीच ओरडते, आधी दाणे टाका!
स्वतःला मात्र कधी ओरडले नव्हते.

आठवा दिवस असेल, किंवा नववा,
मोजताना सवयीनं तोंडातून निघालं, लाभ.
बाप खळ्यावर मोजायचा तसं.
पहिल्या पायलीला त्यानं कधी एक म्हटलं नाही.
लाभ, मग दोन, मग तीन.

लाभ. दोन. तीन. चार.
जावेचा फोन करायचा राहिला.
लाभ. दोन.
पत्र्यावर माकडं.
लाभ.
मांजर पोत्यावर चढली, मांडीत शिरली.
लाभ.
लाभ.

दहापर्यंत एकदाच गेले आहे, मागच्या बुधवारी.
विशेष काही झालं नाही.
अकरा म्हणावं की काय, तेच कळेना.

आज उईक्यांची रेवती, चौथीतली,
डबा ठेवून समोर उकिडवी बसली.
बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होती,
डोळे मिटलेले असले तरी कळतं ते.
"काकू, झोपली का?"
"नाही व."
"मंग काय करून राह्यली?"
"मोजून राह्यली."
"किती झाले?"

खरं तेच सांगितलं. लाभ.

"म्हंजे आमचा डबा पयला न?"
ती म्हणाली, आणि डबा पुढे सरकवला.
वर बल्ब लुकलुकला.
मी बटणाकडे हात नेला,
मग जरा थांबले.