बाय मी

नाना पेठेत, दिवसा पाचवी ब असते त्या खोलीत
रात्री आठला माझा वर्ग भरतो.
बाकं लहान. कौसल्याबाई घोडके तिरक्या बसतात,
गुडघे वाटेत काढून.
भिंतीवर कुणाचा तरी हत्ती, शेपूट काढायची राहिलेला.

आज पॅसिव्ह व्हॉइस. परीक्षेत हमखास.
फळ्यावर लिहितो : राम इट्स अ मँगो.
मग दोन बाण, एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे,
सिग्नल बंद पडलेल्या चौकासारखे एकमेकांत घुसलेले.
आंबा पुढे येतो. राम मागे जातो.
मधे इज, क्रियापदाचं तिसरं रूप,
आणि रामाच्या गळ्यात बाय.
पंचवीस वर्षं मी एवढंच सांगतो.

घोडके म्हणाल्या, सर, आपल्यात हे आधीपासून आहे की.
मी भाकरी केली.
मी भात केला.
करणारी मी तीच,
पण क्रियापद मला विचारतच नाही,
ताटात काय पडलंय ते बघतं.

कर्मणी प्रयोग मी शिकलोय, शिकवलाय,
पण असा गरम कुणी वाढला नव्हता.
खडू उगाच दुसऱ्या हातात घेतला.

पुढचा नियम.
कर्ता माहीत नसेल, किंवा महत्त्वाचा नसेल,
तर बाय गाळावा. उदाहरण द्या.
त्यांनी लगेच दिलं : द टॉयलेट इज क्लीन्ड.
खराडीला, सातव्या मजल्यावर, दारामागे तक्ता असतो,
तासातासाची वेळ आणि पुढे सही.
सही सुपरवायझरची.
गाळलाय सर, त्या म्हणाल्या, नियमाप्रमाणेच.

तेवढ्यात मागून तौसिफ :
सर, फॉलचं कसं करायचं?

फॉलचं होत नाही, मी म्हणालो.
येणं, जाणं, झोपणं, पडणं,
यांना कर्म नसतं. कर्म नाही तर पॅसिव्ह नाही.
ही अकर्मक.

तो वहीकडे बघत म्हणाला,
पेपरात तसंच आलं होतं. वाघोलीत मजूर पडला.
चुलतभाऊ माझा. अकरावा मजला.
पण तो नुसता पडला नाही ना सर.
जाळी बांधली नव्हती.

हे होतं, मी म्हणालो.
मास्तरच मी, तोंडातून निघून गेलं.
बांधणं सकर्मक आहे. लिही :
द नेट वॉज नॉट टाइड.

त्याने फळ्यावर येऊन लिहिलं, सावकाश,
एकेक अक्षर उभं करत.
शेवटी बाय लिहिलं
आणि खडू तिथेच टेकवून माझ्याकडे पाहिलं.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, लागत नव्हती.
मी म्हणालो, परीक्षेत एवढं विचारत नाहीत.

हे वाक्य कर्तरी आहे. कर्ता मी.

साडेदहाला सगळे उठले.
फळा पुसून द्यावा लागतो, सकाळी पाचवी ब येते.
डस्टर घोडक्यांकडे असतो, कोणी सांगितलेलं नाही.
पुसता पुसता त्या स्वतःच्या वाक्यापाशी थांबल्या
आणि पुढे जोडलं : बाय आय.

आय नाही, मी म्हणालो,
मागे गेला की आय बदलतो, त्याचं मी होतं.
मी?
मी.
बाय मी.
त्या एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.
म्हणजे मराठीच की हो सर!
शेवटच्या बसची वेळ झाली होती, तरी परत एकदा वाचलं,
मोठ्याने, बोट ठेवून,
आणि मग स्वतःच पुसलं.

तौसिफचं वाक्य कुणी पुसलं नाही.
मीही नाही.
बायच्या पुढे हातभर काळी जागा आहे.
सकाळी पाचवी बमधलं एखादं पोर
तिथे बहुतेक शेपूट काढून बघेल.