दोन सूत

दुसऱ्या शनिवारी, उद्यमनगरात,
बंद गाळ्याच्या माळ्यावर आम्ही नऊजणी
आणि श्रीपती मिस्त्री.
चाळीस वर्षं लेथवर राबलेली बोटं
सुई धरतात कॅलिपर धरल्यासारखी.

"टोपडं दोन सूत ढिलं हाय,"
म्हणतात, आणि उसवतात.
"मिस्त्री, लोकर हाय ती, लोखंड न्हवं,"
हौसाक्का करवादतात, "ताणतीय की!"

सातव्या महिन्यातच आलेली नात
सीपीआरमध्ये, काचेच्या पेटीत.
माप घ्यायला आत सोडत नाहीत.
नर्स म्हणाली, संत्र्याएवढं डोकं.
म्हणून खिशात संत्रं.

भडंगाचा पुडा फिरतो,
पाणीपट्टीवरून वाद होतो,
मिस्त्री संत्र्यावर टोपडं चढवून
बल्बखाली फिरवून बघतात.

या महिन्यात खिशातून
मोसंबं निघालं.

कुणी काही विचारलं नाही.
हौसाक्कांनी त्यांची सुई ओढून घेतली,
चार टाके वाढवून दिले.