पाठमोरी

माझं काम चेहरे पुसायचं.
फ्लिसिंगनच्या फेरी धक्क्यावर सात कॅमेरे आहेत,
डोळ्यांत तेल घालावं लागत नाही त्यांना.
कुणी अर्ज करतं, माझं चित्रण मला द्या.
कायद्याने ते त्याचंच असतं, द्यावं लागतं.
मग मी त्याच्या आजूबाजूची माणसं
एकेक करून धूसर करते:
शिंकणारा शाळकरी पोरगा, सायकलवाली नर्स,
डबा उघडून कोलंबी हुंगणारा म्हातारा.
बरेचसे अर्ज हरवलेल्या छत्रीसाठी असतात.
कुणाला दारात घसरल्याची भरपाई हवी असते.

पीटरनेला वेरहाखे, वय एकोणऐंशी.
कारण लिहायची सक्ती नाही,
रकान्याखाली तसं छापलेलंही आहे.
तरी तिने लिहिलं, निळ्या शाईत, एक रेघ सोडून:
“त्या सकाळी मी मागे वळून पाहिलं होतं का,
तेवढं बघायचंय.”
सोबत क्राइनच्या मृत्यूचा दाखला.
तो मागितला नव्हता आम्ही.

कॅमेरा नंबर तीन. सात एक्केचाळीस.
ती त्याच्या कोटाचं वरचं बटण लावते.
तो काढतो.
ती पुन्हा लावते, काहीतरी बोलते
(आवाज आम्ही नोंदवत नाही, तेही नियमानेच),
तो पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत राहतो,
हातात इस्पितळाची पिशवी,
दोन दिवसांचे कपडे मावतील एवढी.
फाटक उघडतं.
सात त्रेचाळीस आणि सोळा सेकंद:
तो काचेपाशी थांबतो, हात वर करतो.
ती निघालेली असते.

मी ते नऊ वेळा पाहिलं.
दर वेळी वाटलं, आता वळेल.

डिंगेमान्से साहेब टेबलाला टेकून म्हणाले,
त्याला धूसर करायची गरज नाही,
हा कायदा जिवंतांचा आहे.
गेलेल्याचा चेहरा उघडा राहिला
तरी त्याचा हक्क मोडत नाही.
बरोबरच होतं. मी हो म्हटलं,
आणि कर्सर त्याच्या हातावर नेला.
पुसला तर नुसता डाग उरेल.
डाग कुणाला निरोप देत नाही.

किंवा काहीच करायचं नाही.
अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्र आपणहून पुसतं सगळं,
आज तेविसावा.
दिरंगाईला कुठे रक्त लागतं?
पण मागितलेलं पुसू द्यायचं नाही, असाही नियम आहे
आणि तो कागद मीच भिंतीवर चिकटवलाय.

“माझी सगळी दृश्यं,” असं होतं अर्जात.
सगळी म्हणजे सगळी.
म्हणून सहा नंबर उघडला, सायकलींच्या स्टँडवरचा,
सीगल ज्याची काच घाण करतात
आणि जो कुणी बघत नाही.
तिथे ती आहे,
वरच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढी.
कुलूप उघडून झालंय.
साखळी टोपलीत टाकून झालीय.
फेरीचा भोंगा वाजला असणार,
कारण पक्षी एकदम उडतात.
ती हलत नाही.
अकरा मिनिटं. पाठ समुद्राकडे.
मग सायकलवर न बसता
ती हातानेच ढकलत चौकटीबाहेर जाते.

पाठ फिरवणं आणि पाठमोरं उभं राहणं,
दोन्हीसाठी एकच खूण आहे आमच्या नोंदवहीत.

मी दोन्ही फाइली जोडल्या.
नर्सचा, पोराचा, म्हाताऱ्याचा चेहरा पुसला.
त्याचा तसाच ठेवला, हात वर.
खाली दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटलं,
पण पत्राचा मजकूर ठरलेला असतो:
आपली विनंती पूर्ण करण्यात आली आहे.
हरकत असल्यास प्राधिकरणाकडे दाद मागता येईल.

अठ्ठाविसाव्या रात्री, तीन वाजता,
आमच्याकडचं सगळं गेलं.
ती सकाळ आता फक्त तिच्या घरी आहे.

पोच अजून आलेली नाही.